सुलभ ग्वानाह्वातो-भूतदर्शन

ही मार्गदर्शिका आजवर एकही भूत न पाहिलेल्या होतकरू मंडळींसाठी आहे. ज्यांनी पाहिले आहे त्यांना मार्गदर्शन लागत नाही, आणि त्यांच्यापुढे दुसऱ्या कुणाला बोलताही येत नाही.

पहिल्या सरावासाठी जागा विचारपूर्वक निवडावी. पडका वाडा, पिंपळाचा पार आणि अमावास्या हे साहित्य आपल्याकडे गावोगाव फुकट मिळते, पण नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. तिथे तिकीट नसते, गाइड नसतो आणि किंकाळी फोडली तर कुणी टाळ्या वाजवत नाही. त्या मानाने मेक्सिकोतले ग्वानाह्वातो अत्यंत सोयीचे. देशाच्या मध्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटर उंचीवर, एका चिंचोळ्या दरीत हे गाव कोंबलेले आहे. दरीच्या दोन्ही अंगांना रुखवत मांडावे तशी गुलाबी, पिवळी, निळी घरे एकावर एक चढवली आहेत. १९८८ साली युनेस्कोने गावाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आता वारसा म्हटला की भांडणारे वारस आले, आणि जायला तयार नसलेले पूर्वजही आले.

भूत व्हायला इच्छा अपुरी राहावी लागते, आणि इच्छा वाढायला पैसा लागतो. ग्वानाह्वातोत तो डोंगरातून निघत होता. सोळाव्या शतकाच्या मध्याला स्पॅनिश लोकांना इथे चांदी सापडली. अठराव्या शतकात वालेन्सियाना खाणीने आंतोनियो दे ओब्रेगोन या आपल्या मालकाला थेट काउंट करून सोडले. खाणीशेजारी त्या पैशातून उभे राहिलेले सान कायेतानोचे चर्च १७८८ मध्ये पुरे झाले. त्याच्या चुन्यात वाइन आणि चांदीची पूड कालवली होती, असे लोक सांगतात. आतल्या सोनेरी वेदीकडे पाहिल्यावर कुणी वाद घालत नाही. ही चांदी स्पॅनिश रियाल होऊन जगभर फिरली. सुरतेच्या टांकसाळीतसुद्धा अमेरिका खंडातल्या चांदीचे मोगली रुपये पाडले जात. तेव्हा ज्यांच्या घरी पणजीचे वाळे जपून ठेवले आहेत त्यांनी इथल्या भुतांना अगदीच परके मानू नये. दूरचे का होईना, आर्थिक संबंध आहेत.

साहित्य: रबरी तळाचे बूट, पाण्याची बाटली, सुटे पेसो आणि भीती. पहिल्या तीन वस्तू आपापल्या आणाव्यात, चौथी तिथे मिळते. हे गाव चालण्यासाठी बांधलेले नाही, चढण्यासाठी बांधलेले आहे. दगडी फरसबंदी, मग पायऱ्या, मग आणखी पायऱ्या. कित्येक बोळांत गाडी सोडाच, छत्री उघडणेही मुश्कील. पहिल्या संध्याकाळी छातीत धडधडते, घशाला कोरड पडते, मागून कुणीतरी येत आहे असे वाटते. ही अलौकिक चाहूल नव्हे, उंची आहे. भिंतीला टेकावे, पाणी प्यावे, आणि मागून येणाऱ्या आजीबाईंना भाजीच्या पिशव्यांसह पुढे जाऊ द्यावे.

सुरुवात युनियन बागेपासून करावी. ही बाग त्रिकोणी आहे म्हणून गावकरी तिला चीजचा तुकडा म्हणतात. तिच्या कडेने एकमेकांत गुंतलेली गर्द झाडे आहेत, त्यांना तिथे ‘इंडियाचे लॉरेल’ म्हणतात. जवळ जाऊन पाहावे: आपले नांदरूक, वडा-पिंपळाचे भाऊबंद. आपल्या भुताला अशा झाडाखाली आल्यावर घरी आल्यासारखे वाटले असते. पण इथली भुते झाडावर बसत नाहीत. त्यांना पत्ता लागतो, शक्यतो सज्जासकट.

बागेत तिन्हीसांजेला काळे झगे, फुगीर बाह्या आणि रंगीत फिती घातलेले तरुण जमू लागतील. नवशिके इथेच पहिली किंकाळी खर्ची घालतात. ती राखून ठेवावी. हे विद्यार्थी-गायकांच्या परंपरेतले मेळे. सतराव्या शतकाचा स्पॅनिश वेष करून ते गिटार आणि मँडोलिन वाजवत लोकांना बोळाबोळांतून हिंडवतात. ओळखायची खूण सोपी: भूत कधीही श्रोत्यांना पुढची ओळ म्हणायला लावत नाही.

समोरच हुआरेझ नाट्यगृह आहे. २७ ऑक्टोबर १९०३ रोजी राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास यांनी त्याचे उद्घाटन केले. शुभप्रसंगी ऑपेरा कोणता निवडावा? व्हेर्दीचा ‘आइदा’, ज्यात शेवटी नायक तळघरात जिवंत गाडला जातो आणि नायिका आधीच आत लपून बसलेली असते. गावाच्या आवडीनिवडीचा अंदाज इथेच यावा.

आता या विद्येतला मुख्य नियम, जो गाइड सांगणार नाही. त्याने हातातला कंदील वर धरून आवाज खाली आणला की निर्धास्त राहावे. त्याने इसवी सन सांगितले की घाबरावे.

सरावाला चुंबनाचा बोळ घेऊ. हा सर्वांत प्रसिद्ध आणि चांगलाच अरुंद. समोरासमोरच्या दोन सज्जांमध्ये जेमतेम ६८ सेंटिमीटर अंतर. भुताटकीच्या जागी टेप घेऊन जावे असे हे बहुधा एकमेव ठिकाण. गाइड आवाज खाली आणतो. दोन्या कार्मेन ही एका कडक आणि तापट बापाची एकुलती एक मुलगी. तिचे मन जडले डॉन लुईस या गरीब खाणकामगारावर. बापाने तिला घरात कोंडले आणि स्पेनमधल्या कुणा श्रीमंत म्हाताऱ्याला देण्याचा घाट घातला. लुईसच्या लक्षात आले की तिच्या खिडकीसमोरच्या घराची खिडकी हाताच्या अंतरावर आहे. त्याने ते घर वाटेल ती किंमत मोजून विकत घेतले. (गरीब खाणकामगाराने घर कसे घेतले, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या पर्यटकांना इथे हटकून पडतो. तो विचारू नये, कथा बिघडते.) दोघे सज्जातून भेटू लागले, बापाला कळले, बापाने मुलीच्या छातीत खंजीर खुपसला. लुईसच्या हातात तिचा निर्जीव होत जाणारा हात राहिला, त्यावर त्याने ओठ टेकले. एका पाठाप्रमाणे त्याने पुढे वालेन्सियाना खाणीच्या मुख्य विवरात उडी घेतली. खाण गावाबाहेर काही किलोमीटर आहे, वाट चढाची आहे आणि उंचीचे आपण वर पाहिलेच. एवढ्या वेळात मन बदलले नाही यावरून प्रेमाची खोली मोजावी.

कृती: तिसऱ्या पायरीवर जोडप्याने चुंबन घ्यावे, सात वर्षे भाग्याची जातात. न घेतल्यास सात वर्षे दुर्दैवाची. पायरी चुकू नये म्हणून रंगवून ठेवली आहे. सोबत सासूबाई असल्यास दुर्दैव पत्करणे स्वस्त पडते. रांग मोठी असते, मागचे घाई करतात, आणि कार्मेनचा आत्मा तिथे घोटाळत असेलच तर तिला गेली कित्येक वर्षे एकांत मिळालेला नाही. भीतीचे गुण: शून्य. तरीही हा बोळ टाळू नये. पुढच्या ठिकाणी तुलनेला उपयोगी पडतो.

बासिलिकेच्या मागच्या त्रुको गल्लीत रात्री टोपी-झग्यातली एक सावली भिंतीला धरून सरकते आणि एका दारावर थाप मारते. हा डॉन एर्नेस्तो. जुगारात रोकड हरला, इस्टेट हरला. समोरचा खेळाडू म्हणाला, अजून एक चीज उरली आहे, तुमची पत्नी. समोरचा खेळाडू सैतान होता. महाभारत ऐकत वाढलेल्या श्रोत्यांनी इथे पुढचे आधीच सांगून गाइडचा विरस करू नये. शिवाय पुढचे वेगळे आहे. इथे वस्त्रे पुरवायला कुणी येत नाही.

ला ल्योरोना, म्हणजे आपल्याच लेकरांना पाण्यात बुडवून मग त्यांच्या नावाने टाहो फोडत नदीकाठी भटकणारी बाई, मेक्सिकोतल्या प्रत्येक गावात आहे, त्यामुळे इथेही आहे. फक्त तिची अडचण झाली आहे. ग्वानाह्वातोची नदी वारंवार गावात शिरायची; १९०५ च्या पुराने तर गाव धुऊन नेले. पुढे पाणी वळवले आणि रिकाम्या पात्राचे भुयारी रस्ते केले. आता जुन्या दगडी कमानींखालून मोटारी धावतात, बसचे थांबेसुद्धा जमिनीखाली आहेत. नदीकाठ शोधत आलेल्या बाईने तिथे उभे राहावे कुठे? नवशिक्यांनी या भुयारांतून दिवसाउजेडी एकदा जरूर चालावे, कडेच्या पदपथाने. कमानी फार देखण्या आहेत, आणि पाठीमागून येणारा हॉर्न कोणत्याही टाहोपेक्षा जास्त दचकवतो.

इथून पाच-दहा मिनिटांवर एक मोठी चौकोनी इमारत आहे. बाहेरून जवळजवळ बिनखिडक्यांची, निर्विकार. हिच्याविषयी एकही चांगली भूतकथा नाही, त्यामुळे रात्रीच्या फेरीत गाइड इथे पाय उचलतो. त्याला थांबवावे. ही आलोंदिगा दे ग्रानादितास, धान्याचे कोठार. १८०९ मध्ये बांधून झाले, आणि वर्षभरातच, २८ सप्टेंबर १८१० ला, पाद्री मिगेल इदाल्गोच्या बंडखोर जमावाने ते वेढले. गावातले स्पॅनिश लोक बायकामुले, रोकड आणि चांदी घेऊन आत कोंडून बसले होते. इन्तेंदेंते रियान्यो, म्हणजे प्रांताचा मुख्य अधिकारी, सुरुवातीलाच गोळी लागून पडला. एल पिपिला नावाच्या खाणकामगाराने पाठीवर दगडी लादी घेतली, वरून होणारा मारा तिच्यावर झेलत तो दारापर्यंत गेला आणि त्याने दार पेटवले. आतल्यांची कत्तल झाली. दोन महिन्यांत राजाचे सैन्य परतले आणि त्याने सूड म्हणून गावकऱ्यांना मारले. कुणाला मारायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवले.

अजून संपलेले नाही. १८११ मध्ये इदाल्गो, आयेंदे, आल्दामा आणि हिमेनेस या चार पुढाऱ्यांना दूर चिवावात गोळ्या घातल्या, आणि त्यांची मुंडकी इथे आणून लोखंडी पिंजऱ्यांत घालून या इमारतीच्या चार कोपऱ्यांना टांगली. ती १८२१ पर्यंत तिथे होती. म्हणजे १८११ साली ग्वानाह्वातोत जन्मलेले मूल चालायला शिकले, बाजारात जाऊ लागले, दहा वर्षांचे झाले, तोवर त्या कोपऱ्यावर इदाल्गो होता. आकडे भिंतीत आजही आहेत आणि कोपऱ्यांवर चौघांची नावे आहेत. इमारत पुढे तुरुंग झाली, आता संग्रहालय आहे. इथे किंकाळी फोडण्याची प्रथा नाही. लोक आकड्याखाली उभे राहून फोटो काढतात आणि आइस्क्रीमचा गाडा शोधू लागतात.

ज्यांना डोंगराची हौस आहे त्यांनी बुफाच्या सुळक्याकडे जावे. ३१ जुलैला, लोयोलाच्या संत इग्नासियोच्या दिवशी, सारे गाव तिथल्या गुहेच्या जत्रेला लोटते, त्यामुळे गर्दीतले भूत पाहण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी हा उत्तम मुहूर्त. कथा अशी की एक शापित राजकन्या तरण्याबांड पुरुषाला अडवते आणि म्हणते, मला उचलून गावातल्या मुख्य चर्चच्या वेदीपर्यंत ने, मागे वळून पाहू नकोस. शाप उतरेल आणि हे गाव चांदीचे होईल. तो उचलतो, चालू लागतो, मागून आरडाओरडा होतो, तो वळून पाहतो, आणि ती साप होते, तो दगड. हे इतक्यांदा घडले आहे म्हणे की सुळक्याच्या आसपास दगडांना तोटा नाही. ज्यांना कंबरदुखी आहे त्यांनी विनंती झाल्यास नम्रपणे वय सांगावे.

वालेन्सियानाच्या रस्त्यावर विलापांचा वाडा नावाचेही एक ठिकाण आहे. काळोख, सांगाडे, अचानक पेटणारे दिवे. ज्यांची किंकाळी अजून शिल्लक असेल त्यांनी ती इथे वापरून टाकावी आणि हलके होऊन सांता पाउलाच्या दफनभूमीकडे यावे, कारण सारा प्रवास तिच्यासाठीच होता.

सांता पाउला १८६१ मध्ये उघडली. इथे प्रेते जमिनीत नव्हे, भिंतीतल्या एकावर एक रचलेल्या कप्प्यांत ठेवत. कप्प्याला पट्टी होती. आपण घरपट्टी, पाणीपट्टी भरतो तशी ही थडगेपट्टी. ती नातेवाइकांनी भरायची. न भरल्यास नगरपालिका कप्पा रिकामा करून घेई. ९ जून १८६५ रोजी अशाच एका कप्प्याची सीलबंद भिंत फोडली. आत रेमिहिओ लेरॉय हा फ्रेंच डॉक्टर होता. परक्या गावात वारलेला, मागे पट्टी भरायला कुणी नाही. हाडे निघतील या हिशेबाने कामगार पोते घेऊन आले असणार. निघाला तो अख्खा डॉक्टर, अंगावरच्या कपड्यांसह. कोरड्या हवेत, उन्हाने तापणाऱ्या बंद कप्प्यात शरीर सडण्याआधीच वाळले होते. मातीतल्या खनिजांमुळे असे होते हे गाइडचे लाडके स्पष्टीकरण ऐकून घ्यावे, पण मृतांचा मातीशी संबंधच आलेला नव्हता हे ध्यानात असू द्यावे. तसेच १८३३ च्या पटकीच्या साथीत घाईने पुरलेल्यांच्या या ममी आहेत असेही कानावर येईल. मग त्यांनी दफनभूमी उघडेपर्यंत अठ्ठावीस वर्षे कुठे काढली?

पुढे १९५८ मध्ये कायदा बदलेपर्यंत थकबाकीदारांना असे बाहेर काढणे सुरू राहिले. शंभराहून जास्त जमले. त्यांना उभे करून ठेवले, लोक चार पैसे देऊन बघायला येऊ लागले, आणि यथावकाश रीतसर संग्रहालय झाले. आज ते नगरपालिकेच्या उत्पन्नाचे मोठे साधन आहे. ज्यांच्याकडून कप्प्याचे भाडे वसूल झाले नाही तेच आता पिढ्यान्‌पिढ्या गावाला कमावून घालत आहेत. वसुलीचा इतका चिवट प्रकार महसूल खात्यात काम केलेल्या वाचकांनीही पाहिला नसेल.

आत शिरल्यावर घ्यायची काळजी: बहुतेकांचे तोंड उघडे आहे. ते ओरडत नाहीत. मेल्यावर जबड्याचे स्नायू सैल पडतात आणि तसेच वाळतात, एवढेच. हे स्वतःला दोनतीनदा सांगावे. उपयोग होत नाही, पण सांगावे. काहींच्या पायांत मोजे आहेत, आणि सर्वांत जास्त त्रास त्या मोज्यांचा होतो. इग्नासिया आगिलार या बाईचे हात चेहऱ्यावर आडवे आहेत. ती जिवंत पुरली गेली आणि आत शुद्धीवर आली, असे सांगतात. एक आईच्या पोटातला गर्भ आहे. जगातली सर्वांत लहान ममी म्हणून त्याची जाहिरात करतात, आणि तिथे गर्दी होते. मला विचाराल तर त्या काचेपुढे थांबू नये.

या मंडळींनी मरणोत्तर बरेच काम केले आहे. रे ब्रॅडबरीने त्यांना पाहून ‘द नेक्स्ट इन लाइन’ ही कथा लिहिली. १९७२ च्या सिनेमात एल सान्तो, ब्लू डेमन आणि मिल मास्कारास या मुखवटेधारी कुस्तीगिरांनी ग्वानाह्वातोच्या ममींशी दोन हात केले. वेर्नर हेर्झोगच्या १९७९ च्या ‘नोस्फेरातु’ची सुरुवातच त्यांच्या चेहऱ्यांवरून फिरणाऱ्या कॅमेऱ्याने होते. २०२४ मध्ये संग्रहालयाच्या डागडुजीत एका ममीचा हात निखळला, तेव्हा राष्ट्रीय पुरातत्त्व संस्था आणि नगरपालिका यांच्यात जाहीर तक्रारी झाल्या. मेल्यानंतर इतक्या वर्षांनी सरकारी पत्रव्यवहारात आपला हात यावा, हे किती जणांच्या नशिबी असते?

बाहेर पडल्यावर चारामुस्का घ्यावी. ही साखरेच्या पाकाची ओढून पीळ दिलेली मिठाई. इथे ती ममीच्या आकाराची मिळते. पायाकडून खायला सुरुवात करावी. डोके आधी खाल्ले तर उरलेली मिठाई कुणाला देता येत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस गेलात तर साखरेच्या कवट्याही मिळतात, कपाळावर हवे ते नाव घालून. स्वतःचे घालण्याची तिथे रीत आहे. कुलकर्णी, देशपांडे आदींनी पहिल्या नावावर समाधान मानावे, कवटी लहान असते. याच दिवसांत २ नोव्हेंबरच्या मृतदिनासाठी घरोघरी मृतांचे देव्हारे मांडतात आणि दारापासून तिथवर झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, गेलेल्या माणसाला रस्ता चुकू नये म्हणून. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. आपण तो तोरणात ओवून दसऱ्याला दारावर लावतो, तेव्हा कुणाकुणाला वाट दाखवून ठेवतो याचा घरी गेल्यावर निवांत विचार करावा.

एवढे करूनही भूत दिसले नाही तर पैसे परत मिळत नाहीत. खरेच दिसले तर घाबरण्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. इथली भुते जीव मागत नाहीत, बहुधा काहीतरी काम सांगतात: उचलून ने, एक डाव खेळ, माझी पट्टी भर. पहिल्या दोन्हींना नकार द्यावा. तिसऱ्याबाबत, रक्कम फार नसेल तर भरून टाकावी आणि पावती घ्यावी.

गाइडची बक्षिसी फेरी संपल्यावर द्यावी, आधी नाही; आधी दिली की सैतान दोन वाक्यांत आटोपतो. मग जेवायला एन्चिलादास मिनेरास मागवावी. खाणकामगारांचे खाणे, लाल मिरचीच्या रश्शात बुडवलेल्या मक्याच्या पोळ्या, आत चीज, वर परतलेला बटाटा आणि गाजर. कोंबडी नको असल्यास ‘सिन पोयो’ म्हणावे. चतुर्थी असेल त्यांनी वरचा बटाटा तेवढा खावा.